रूळ वाजला की उभं राहायचं

मास्तरांनी टेबलावर रूळ आपटला. मी व्हरांड्यात ताडकन उभा राहिलो आणि ओरडलो, “जी हुजूर, बंदा हाजिर है। जो हुक्म।” तपासणीला आलेले साहेब खुर्चीत रेलून हसले. मास्तर म्हणाले, “पाहिलंत? हेसुद्धा बोलतं.”

हेसुद्धा. मी माणसात नव्हतोच.

मग मास्तरांनी खडीसाखरेचा खडा दारातून बाहेर फेकला. आतल्या पोरांच्या तळहातावर ठेवायचे, मला फेकायचे. मी तो धुळीतून उचलला, सदऱ्याला पुसला, खाल्ला. गोड लागला. त्याचीच आज जास्त चीड येते.

निजामाच्या राज्यातलं औरंगाबाद. घरी मराठी, शाळेत उर्दू. आम्ही कन्नड तालुक्यातून पोटासाठी आलेलो, आणि जातीमुळं माझी जागा वर्गाबाहेर. मास्तर नवं ट्रेनिंग घेऊन आले होते. भाषा म्हणजे सवय, असं सांगायचे. रूळ वाजला की वाक्य. बरोबर आलं की खडा, चुकलं की लांब काठीचा फटका. अर्थ विचारायचा नाही. तो मागाहून येतो म्हणे.

पुढं मीही भाषेचा मास्तर झालो. ट्रेनिंग कॉलेजात हेच पुस्तकी शब्दांत ऐकलं. उद्दीपन, प्रतिसाद, बक्षीस. कुत्र्यांवर, उंदरांवर केलेले प्रयोग. बाकीचे भराभर उतरवून घेत होते. मला नुसता थकवा आला. माझ्या पाठीला हे सगळं आधीच ठाऊक होतं.

उर्दूवर माझा राग नाही. शेजारच्या विणकरांच्या घरी ती कानावर पडायची तेव्हा जीव रमायचा. थोडीफार समजायचीही. पण बोलायला तोंड उघडलं की शाळेतलंच वाक्य बाहेर यायचं.

एकदा माझ्या बाला कचेरीतून वेठीचं बोलावणं आलं. फुकट राबायचं, नाही म्हणायची सोय नाही. माय बाळंतपणातून उठलेली नव्हती, तापानं फणफणली होती. बा मला सोबत घेऊन निघाला. ऐटीत. पोरगा सरकारी भाषा शिकतोय ना.

“साहेबाला त्येंच्या भाषेत सांग,” बा म्हणाला. “घरी बाई लई आजारी हाय. आज येता येत नाय.”

रस्ताभर मी जुळवत गेलो. मेरी माँ बीमार है. जमलं होतं.

कारकुनानं मान वर केली नाही. नुसता रूळ टेबलावर आपटला. “बोल।”

माझे पाय जुळले. तोंडातून निघालं, “जी हुजूर, बंदा हाजिर है। जो हुक्म।”

सगळी कचेरी हसली. कारकून शिपायाला म्हणाला, “अच्छा लड़का है। इसे भी ले जाओ।”

दिवसभर आम्ही दोघं साहेबाच्या दौऱ्याचं सामान वाहिलं. माय घरी एकटी तापात पडलेली. पाणी द्यायलाही कुणी नाही. ती वाचली.  पण बानं मला परत कधी कचेरीत नेलं नाही. ते मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत रूळ वाजला. पाय आपोआप हलले. मी दोन्ही हातांनी गुडघे आवळून बसून राहिलो. पुन्हा वाजला. मास्तर दारात आले.

“काय रे, जीभ झडली का?”

मी म्हणालो, “मास्तर, ‘मी येणार नाही’ हे उर्दूत कसं म्हणायचं ते आधी शिकवा. मग बोलीन.”

त्यांनी काठी उचलली. मी बसूनच मार खाल्ला. रडलो. उठलो मात्र नाही.

आता दमलोय. पोरांना शिकवून शिकवून घसा बसलाय. अधिकारी येतात, म्हणतात, घोकून घ्या, तपासणीत वर्ग चांगला दिसतो. दिसू दे वाईट. माझ्या वर्गातलं पोरगं परक्या भाषेत आधी नकार द्यायला शिकेल. नमस्कार-चमत्कार नंतर. नोकरी गेली तरी यात बदल नाही.