पोट्टी नाही, बाई

१९६३ च्या जूनअखेर मी फुलसावंगीच्या मराठी शाळेत रुजू व्हायला गेले, तेव्हा मला एकविसावं वर्ष लागलं होतं. दिसत होते मात्र तेरा-चौदाची. उंची पावणेपाच फूट, अंगावर मांस नाही, आणि घरच्यांनी नाव ठेवलेलं बेबी. नशिबाला तरी किती दोष द्यावा!

हेडमास्तर बापूजी हजेरीपट आखत बसले होते. मान जेमतेम वर करून म्हणाले, "सातवीचा वर्ग तिकडं हाय. दाखला आनला काय?"

मी नेमणुकीचा हुकूम पुढं केला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"अवं, हे तर तुह्या ताईच्या नावाचं दिसते. कुठं हाय ते?"

ताई नाही, मीच आहे, हे त्यांना पटवता पटवता मधली सुटी झाली.

मला पाचवी मिळाली. वर्गातल्या निम्म्या मुली माझ्याहून उंच. पहिल्याच आठवड्यात एकीनं मला विचारलं, "तू कोनाची वं?" त्या दिवशी मी ठरवलं, वय वाढवायचं. उमरखेडच्या बाजारातून साध्या काचांचा चष्मा आणला. गंगावन लावून नारळाएवढा अंबाडा घातला. खोलीत आरशासमोर उभं राहून रागावायची तालीम केली. ती फारच चांगली झाली असावी, कारण दिवाळीपर्यंत वर्ग माझ्या नावानं थरथरू लागला. मला वाटलं, जमलं!

डिसेंबरात रौशन नावाची मुलगी यायची बंद झाली. आठ दिवस वाट पाहून एका रविवारी मी तिच्या घरी निघाले. सकाळीच न्हाले होते, म्हणून ओल्या केसांच्या दोन वेण्या तशाच पाठीवर. चष्मा खोलीतच विसरला.

रौशनचा बाप अय्यूब भांड्यांना कल्हई करायचा. तो ढाणकीच्या बाजाराला गेला होता. आई, अमिनाबी, अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती.

"रौशन आहे का?" मी विचारलं.

"नदीवर गेली कपडे घेऊन. तू तिच्या वर्गातली काय? ये, बैस. रिकामी बसू नको, शेंगा सोल."

पुढं सूप सरकवलं. मी वर्गातलीच होते, तेव्हा खोटं काही बोलले नाही. बसले आणि सोलू लागले.

"शाळेत काहून येत नाही ती?" मी हळूच म्हटलं.

"कशी येईन? ते तुमची नवी बाई हाय ना, लय डाकीन हाय. माह्या पोट्टीले साऱ्या वर्गापुढं हात वर करून उभी ठेवली. हात काळे म्हनून! अवं, सकाळी दोन घंटे बापाजवळ बसून भाता हालवते ते. भात्यावरचे हात काळे नाही होनार त काय गोरे होतीन?"

मला तो दिवस आठवला. काळ्या हातांवर मी स्वच्छतेचं भाषणही केलं होतं, चांगलं पाव तास. भात्याचं मी विचारलंच नव्हतं.

"म्हातारी असन कोनी," अमिनाबी पुढं म्हणाली. "नवऱ्यानं टाकली असन. तवाच एवढा राग."

जन्मात पहिल्यांदा मला कोणी म्हातारी म्हणत होतं, आणि तेही मला समोर बसवून, शेंगा सोलायला लावून. आनंद मानावा की रडावं, कळेना. शेवटी दाणे सुपात टाकले आणि म्हटलं, "अमिनाबी, ते बाई मीच हाओ."

"चल, झूट!" ती खदाखदा हसली.

तेवढ्यात डोक्यावर धुण्याचं घमेलं घेऊन रौशन आत आली. मला पाहिलं आणि "बाई!" म्हणत घमेल्यासकट मागं सरली.

अमिनाबीचं हसू थांबलं. तिनं पदर डोक्यावर ओढला. मग ती म्हणाली, "म्हनलं ते म्हनलं. वापस नाही घेत मी."

"नका घेऊ," मी म्हटलं. "रौशन, भात्याचं काम आटपून ये. उशीर झाला तरी ये. हात कसे का असेनात."

रौशननं आईकडं पाहिलं, माझ्याकडं नाही. अमिनाबीनं उठून मला चहा केला, पण कप पुढं सरकवून ती पुन्हा शेंगा सोलायला बसली.

सोमवारी रौशन आली नाही. मंगळवारी आली, अर्ध्या तासानं, आणि दाराशी थबकली. मी फळ्याकडं तोंड करून लिहीतच राहिले, म्हणजे तिला बसता यावं. पुढं तिचं उशिरानं येणं वर्गाच्या सवयीचं झालं. सहासष्ट साली ती सातवी पास झाली, गणितात जेमतेम. तिच्या घराण्यातली सातवी झालेली पहिली मुलगी. पेढे द्यायला अमिनाबी स्वतः शाळेत आली, आणि बापूजींच्या देखत माझ्या हातावर पेढा ठेवून म्हणाली, "घे पोट्टी, तोंड गोड कर."

बापूजींनी हजेरीपट तोंडापुढं धरला. त्यामागं ते किती वेळ हसत होते, देव जाणे.