संबोधनाची ओळ

"हाक मारलीत ना? मग संबोधनात मारा!" खडू उगारून असं बजावणारा एखादा मास्तर तुम्हीही पाहिला असेल. आमच्या डिचोलीच्या शाळेत असेच एक मास्तर संस्कृत शिकवायचे. मी गणिताचा, आमचे वर्ग भिंतीला भिंत लागून.

शिपाई हरी त्यांच्या तोंडी कायम 'हरे' असायचा. "हरे, उदक हाड!"

"लोक माका हांसतात, मास्तर!" तो कुरकुरायचा, आणि पाणी आणायचा.

पोर्तुगीज अमदानीत मास्तर थोडं लॅटिनही शिकले होते. "पाद्री देवाला हाक मारतो तेव्हा 'दोमिनुस'चा 'दोमिने' होतो. तो आणि मी एकाच घराण्यातले," असं चहा पिताना ऐकवायचे. आम्ही हसून घ्यायचो.

एकुलत्या मुलीचं नाव त्यांनी लता ठेवलं होतं. बाकीचे मास्तर वर्गात 'माला' शब्द चालवत, हे 'लता' चालवायचे. घरी हाक 'लते!' पोरीचं नाव असं मोडून काय बोलावतोस, म्हणून पेडण्याची बहीण रागवायची. "शुद्ध संस्कृत आहे. आपल्या आया व्याकरण न शिकता हेच बोलतात," मास्तरांचं उत्तर तयार.

लतेने खाणीवर ट्रक चालवणाऱ्या सावंतवाडीकडच्या मुलाशी लग्न केलं, आणि मास्तरांनी तिला हाक मारणं सोडलं. नाव घ्यायचे. हाक नाही.

वर्षाने ती शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभी राहिली. "बाबा!"

मास्तर माझ्याकडे वळले. "लतेला सांगा, सावंतवाडीची बस चुकेल."

ती दोन हातांवर होती. मग तीही मलाच म्हणाली, "काका, बाबांक सांगात, एक फावट माका उलो मारूं दी. मागीर हांव वतां."

एक हाक, मग जाते, एवढंच मागत होती. मी निमूट निरोप पोचवला.

"लता समजूतदार आहे," मास्तर म्हणाले. "लता जाईल."

ती गेली. दोन महिन्यांत तापाचं निमित्त होऊन वारली. इकडे कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

लग्न झालेल्या मुलीचं सुतक तीन दिवसांचं. चौथ्या दिवशी मास्तर वर्गावर आले आणि नेहमीसारखी 'लता' चालवू लागले. भिंतीपलीकडून मुलांचा घोष ऐकू येत होता. सप्तमी झाली आणि सगळं थांबलं. बराच वेळ काहीच ऐकू येईना म्हणून मी गेलो. फळ्यावर शेवटच्या ओळीत फक्त 'हे' लिहिलेलं. मास्तरांनी खडू माझ्या हातात दिला.

"ही ओळ तुम्ही लिहा. माझ्यानं होत नाही."

मी लिहिली. वळून पाहिलं तर ते पायऱ्या उतरत होते. ते पुन्हा शाळेत आले नाहीत. पेडण्याला बहिणीकडे गेले, तिथेच वारले.

लोक म्हणतात, मास्तर हट्टी, व्याकरणाने त्यांचं वाटोळं केलं. असेल. पण त्या दिवशी व्हरांड्यात बापलेकीच्या मध्ये मी उभा होतो. दंड धरून त्यांना तिच्यासमोर उभं करायला कितीसा वेळ लागला असता? मी शहाण्यासारखा निरोप सांगत राहिलो.