शंकाकाकांचं अस्वल

कुणी ‘शंभर टक्के’ म्हटलं की शंकाकाकांची उजवी भुवई वर जायची. जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गमधल्या आम्हा मराठी इंजिनियरांत ते सर्वांत ज्येष्ठ. पुरवठादारांकडून आलेले सुटे भाग तपासण्यात त्यांची सारी नोकरी गेली. खरं आडनाव जोशी, पण ते दारावरच्या पाटीपुरतंच उरलं होतं. बेकरीतला पावसुद्धा ते आधी उलटा करून बघत आणि मगच पिशवीत टाकत.

त्यांच्या पत्नीची, मालतीकाकूंची, एकच इच्छा होती. कायमचं पुण्याला परतण्याआधी उत्तरेच्या जंगलात मोकळं फिरणारं अस्वल एकदा बघायचं. फिनलंडला अशा सहली नेणाऱ्यांचा काही तुटवडा नव्हता. पण दर उन्हाळ्यात काका एकेक कंपनी तपासायला घेत आणि उन्हाळा संपेपर्यंत सगळ्यांना नापास करत. कौतुकाचे अभिप्राय ते वाचतच नसत. “मालकाच्या मेव्हण्याने लिहिलेले असतात,” म्हणायचे. एकदा त्यांनी मला मुद्दाम घरी बोलावून दोन कंपन्यांचे फोटो शेजारी शेजारी दाखवले.

“समीर, कान बघ. दोन्हीकडे डावा कान फाटलेला. एकच अस्वल दोन ठिकाणी नोकरी करतंय!”

“अहो, करू दे की,” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “मला काय त्याचा पगार द्यायचाय? नुसतं बघायचंय.”

आम्ही हसलो, पण काकूंच्या आवाजातला कंटाळा मला ऐकू आला. काकांना मुळात जायचंच नसावं, असा मला संशय येऊ लागला. संशय ही गोष्ट त्यांच्या सहवासात लागायचीच.

मग काका निवृत्त झाले, त्यांनी घर सोडत असल्याचं घरमालकाला कळवलं आणि शेवटचा उन्हाळा उरला. काकांनी फोनाफोनी सुरू केली. प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच, “आल्झो, तर मग, शेवटची सहल कधी रद्द केलीत?” कधीच नाही, असं कुणी अभिमानाने सांगितलं की फोन बंद. “म्हणजे हा वादळातही नेणार,” ते मला सांगत. अखेर एक वाटाडी बाई मिळाली. तिने गेल्याच आठवड्यात लोकांना अर्ध्या वाटेवरून परत आणलं होतं. आपण मांस टाकून अस्वलं बोलावत नाही, आणि अस्वल दिसेल याची हमी अजिबात देत नाही, असंही तिने सांगितलं.

“गेनाऊ! अगदी बरोबर!” काका खुर्चीतून उठलेच. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तूही चल. साक्षीदार हवा.”

जंगलात गेल्यावरही त्यांनी बाईच्या बुटांचे तळ निरखून पाहिले, झिजलेले आहेत ना म्हणून. दलदलीच्या काठी लाकडाची एक झोपडी होती. तिच्या खिडक्यांशी आम्ही रोज डास मारत गप्प बसायचो. अस्वल काही येईना. काकांचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला. शेवटच्या संध्याकाळी, निघायला थोडाच वेळ उरला असताना काकू एकदम म्हणाल्या, “अहो, ते बघा! त्या झाडांमागे! गेलं!”

मी वळेपर्यंत तिथे काही नव्हतं. बाई दुसऱ्या खिडकीशी होती, तिलाही दिसलं नव्हतं. मला दाट शंका आली. आता काका उलटतपासणी घेणार, केवढं होतं, कुठून आलं, कुठे गेलं, म्हणून मी धास्तावलो. पण काका एवढंच म्हणाले, “दिसलं ना तुला? झालं तर मग.” सगळ्या जगावर संशय घेणारा हा माणूस बायकोवर तरी डोळे झाकून विश्वास ठेवतो, हे पाहून मला भरून आलं.

ते पुण्याला निघाले तेव्हा त्यांना सोडायला मी फ्रँकफर्टच्या विमानतळावर गेलो होतो. काकू सामानासाठी ट्रॉली आणायला गेल्या तसे काका माझ्याजवळ सरकले.

“समीर, अस्वल नव्हतं रे.”

“म्हणजे?”

“तिने दाखवलं ना, त्याच झाडांवर मी सगळा वेळ दुर्बीण लावून बसलो होतो. इतकी वर्षं मी तिला रखडवलं. मला वाईट वाटू नये म्हणून बोलली ती.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “तिला कळू देऊ नकोस.”

तेवढ्यात काकू ट्रॉली ढकलत आल्या. “काय कुजबुजताय दोघं?”

“काही नाही काकू, अस्वलाचं सांगत होते.”

“केवढं मोठं होतं ना, अहो?” काकू म्हणाल्या.

“तर!” शंकाकाका म्हणाले. “आणि दोन्ही कान शाबूत.”