दुसरी सही

फोन आला तेव्हा मी नांदेडला लेकीकडे होतो आणि तीन आठवड्यांची नात माझ्या मांडीवर झोपली होती. पलीकडून रामटेके वहिनी इतकंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले." जेवले, पेपर तोंडावर घेऊन आडवे झाले आणि दुपारच्या झोपेतून उठलेच नाहीत. नात जागी होईल म्हणून मला मोठ्याने काही बोलताही येईना. चारच दिवसांपूर्वी रामटेक्यांचा फोन येऊन गेला होता. कधी येताय, इन्स्पेक्शन अडलंय, म्हणत होते. मी म्हटलं, अडू द्या की, तुमचं विमान उडणार आहे थोडंच. ते हसले. मीही हसलो आणि मुक्काम दोन आठवडे वाढवला.

रामटेके भंडाऱ्याकडचे. हवाई दलात तंत्रज्ञ होते; सगळी नोकरी मिग विमानांच्या पोटाखाली काढली, असं स्वतःच सांगायचे. मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात फायलींवर सह्या करून निवृत्त झालेला माणूस. आमची गाठ पडली दिल्लीत, कोपर्निकस मार्गावरच्या मराठी कॅन्टीनमध्ये. झुणका-भाकरीची थाळी एकच उरली होती आणि रांगेत आम्ही दोघं. त्यांनी काही न विचारता अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली. दिल्लीत मराठी माणूस भेटला की आधी गाव विचारतात, मग सेक्टर. आम्ही दोघंही फरीदाबादला राहणारे निघालो, घरं चालत दहा मिनिटांवर. पुढची अकरा वर्षं आमचं जाणं-येणं सुटलं नाही.

त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा हा सहा फुटी गृहस्थ भिंग लावून प्लास्टिकचं इवलंसं चाक चिमट्यात धरून बसला होता. मला वाटलं, म्हातारपणी खेळण्यांचा नाद लागलाय. तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी शांतपणे खोकं पुढे केलं. आत लढाऊ विमानाचे दीडशेच्या वर सुटे भाग, काही तर तांदळाच्या दाण्याएवढे. एकेक भाग कापायचा, पॉलिश पेपरने घासायचा, चिकटवायचा, रंगवायचा. तेवढ्यावरही भागायचं नाही. खरं विमान कधी शोरूममधून आल्यासारखं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग चाकांना धूळ लागायची, पोटाखाली तेलाचे ओघळ यायचे आणि तोफेच्या तोंडाशी धुराचा काळा डाग उठायचा. तो डाग वहिनींच्या काजळाचा असे. वहिनींना डबी कधी जागेवर सापडायची नाही, त्यामुळे पाहुणे आले की त्या आधी विमानांकडे बोट दाखवून तक्रार करायच्या आणि मग कौतुकाने एकेक विमान दाखवायच्या.

थंडीत हा कारखाना गच्चीवर हलायचा. आत गारठ्याने रंग वाळायचा नाही, बाहेर धुकं फिटेपर्यंत ऊन मिळायचं नाही. अकरा ते तीन एवढीच काय ती ड्यूटी. त्या ड्यूटीवर माझी भरती परस्पर झाली. हवाई दलाचा नियम असा की काम एकाने करायचं, तपासायचं दुसऱ्याने, आणि दोघांच्या सह्या झाल्याशिवाय झाकण बंद करायचं नाही. तो नियम रामटेक्यांनी घरी आणला होता. शाळेची दोनशे पानी वही, तिच्यात दोन रकाने: 'केलं' आणि 'तपासलं'. दुसऱ्या रकान्याला माणूस नव्हता. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही सह्याच केल्यात ना जन्मभर, इथेही करा.

केल्या. आणि तिथेच घोटाळा झाला. जेटच्या नाकात वजन भरावं लागतं, नाहीतर शेपूट जड होऊन ते मागे बसतं. रामटेके त्यासाठी टायरवाल्याकडून चाकांच्या बॅलन्सिंगचे शिशाचे तुकडे आणत. त्या दिवशी तुकडा काढून ठेवला आणि नेमकी गरम भजी आली. खाण्याच्या नादात त्यांनी वजन बसवलं असं समजून सही केली आणि मी तेलकट हाताने, वहीत मान घालून, न बघता सही केली... अगदी ऑफिसातल्यासारखी. पुढे महिनाभर रंगकाम झालं. चाकं लागली, विमान टेबलावर ठेवलं, आणि त्याने सावकाश नाक वर करून पोळीची वाट बघणाऱ्या कुत्र्यासारखी बैठक मारली. शिसं दोन दिवसांनी भज्यांच्या ताटलीखालच्या पेपरात सापडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रामटेके मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. विमान फोडू म्हटलं तर नाही म्हणाले. "दोघांची चूक, दोघांच्या सह्या. राहू दे असंच." ते तसंच कपाटात ठेवलं आणि कोणी विचारलं तर टेकऑफ घेतंय म्हणून सांगायचे. मात्र तेव्हापासून मी पेन उचललं की त्यांचा प्रश्न ठरलेला: "साळवेसाहेब, बघितलं?" बघितलं, असं तोंडाने म्हटल्याशिवाय सही होत नसे.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला नांदेडहून पोचलो. माणसं पांगल्यावर वहिनींनी मला त्यांच्या टेबलाशी नेलं. शेवटचं विमान तिथे होतं. नोकरीत त्यांनी स्वतः सांभाळलेल्या एका खऱ्या मिगची ही हुबेहूब प्रतिकृती. डाव्या पंखावर फिक्या हिरव्या रंगाचं ठिगळ होतं. मूळ विमानावर तो पत्रा त्यांनीच बसवला होता. सगळं तयार, डाग-ओघळांसकट. फक्त नाक उघडं. नाकाचा तुकडा शेजारी डबीत ठेवलेला. वही उघडली. शेवटची ओळ, 'नाकात वजन'. पहिल्या रकान्यात त्यांची सही, दुसरा रकाना कोरा.

माझ्यासाठी ठेवलं होतं हो ते. दहा मिनिटांचं काम, पण मी नाही म्हणून त्यांनी झाकण लावलं नव्हतं. फोनवरची ती थट्टा मला इतकी लागली की मी खुर्चीत बसून रडलो. वहिनी चहा टाकायला आत गेल्या.

मग चष्मा पुसला, त्यांची टॉर्च घेतली आणि नाकात डोकावलो. शिसं होतं. चिमट्याने ढकलून पाहिलं, हललं नाही. पेन उचललं तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला.

"भाऊजी, बघितलं?"

"बघितलं, वहिनी," म्हणालो आणि सही केली. नाक चिकटवलं, गोंद वाळेपर्यंत तसंच धरून ठेवलं. मग विमान टेबलावर ठेवून हात काढला. ते तीन चाकांवर उभं राहिलं.