आतली कडी

काल घराला चुना दिला. त्या ओल्या वासानं मला लहानपणची एक खोली आठवली.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. भातकुली या आमच्या गावी बाप शेतावर निघाला की आम्हा मायलेकींना कोंडून बाहेरून कडी घालायचा आणि परत आला की मायला मारायचा. एका दुपारी शेजारच्या चाचीनं ती कडी काढली आणि आम्हाला अमरावतीला निघालेल्या दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, बसवून दिलं.

तिथल्या बायकांच्या आश्रमात आम्हाला नुकताच चुना दिलेली खोली मिळाली. दोन चटया, कोनाड्यात दिवा. माय दारातच थबकली.

"बाहेरून कडी कोन लावते?" तिनं विचारलं.

"बाहेरून कडीच नाई, बाई," आश्रम सांभाळणाऱ्या आक्का म्हणाल्या. "आतून हाय. तुले वाटन तवा लाव, वाटन तवा उघड."

मायनं आत जाऊन कडी लावली, काढली, पुन्हा लावली.

"काहून वो, आजच तोडतं का?" बाहेरून आक्का हसल्या. आत मायही हसली.

तेव्हा मला तो खेळ वाटला. आता कळतं, माय खात्री करून घेत होती.

त्याच खोलीत कडी लावून मी अभ्यास केला. आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. मी आहे. आणि मायला पुन्हा कोणी कोंडलं नाही.