काकूंची आवड

तरसालीहून सयाजीगंजला जाणाऱ्या बसमध्ये वर्षभर मी एका काकूंच्या शेजारी बसलो, पण त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्या डोळे मिटून मोबाइलवर भजनं ऐकत आणि दोन बोटांनी मांडीवर ताल धरत.

एकदा मी म्हटलं, "काकू, लहानपणापासून भजनांचीच आवड?"

"छे रे! मी सिनेमाच्या गाण्यांची वेडी. रेडिओपायी आईचा मार खाल्लाय. लग्न झालं आणि सासऱ्यांनी सांगून टाकलं, या घरात फक्त भजनं. मिस्टरही तसेच. मग मी पोळ्या लाटताना मनातल्या मनात गायची."

मिस्टर गेल्यावर मुलीने हा मोबाइल दिला. काकूंच्या लहानपणीची गाणी तिने हौसेने त्यात भरली होती.

"दार लावून ऐकायला बसले. शब्द न् शब्द पाठ होता. पण नुसता कलकलाट वाटला रे. दुसरं लावलं, तिसरं लावलं. शेवटी भजन लावलं, तेव्हा कुठे बरं वाटलं."

वयाबरोबर आवड बदलतेच, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"छोड ने, जाऊ दे रे," त्या गुजराती-मराठीत म्हणाल्या. "सासरच्यांनी गाणी बंद केली, त्याचा राग केव्हाच गेला. पण आवडसुद्धा त्यांचीच होऊन बसली ना माझी."

खिडकीबाहेर बघत त्या हळूच म्हणाल्या, "मुलगी फोनवर विचारते, आई, ऐकतेस ना गाणी? मी म्हणते, हो गं, रोज ऐकते."