मास्तर आणि क्लच नसलेली गाडी

गाडी शिकवण्यात मास्तरांची एकतीस वर्षं गेली. उतारावर गिअर काढून गाडी न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्या शिकाऊला ते तिथेच खाली उतरवत आणि उरलेला उतार पायी चालायला लावत. "अरे, इंजिन गाडीला धरून ठेवतं! ते सोडलंस की सगळा भार ब्रेकवर. आणि ब्रेक तापले की मग बस देवाचा धावा करत!"

आता ड्रायव्हिंग स्कूल त्यांची मुलगी चालवत होती आणि तिनं ऑटोमॅटिक गाडी आणली. क्लचच नाही. त्यावर कडी म्हणजे, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की ही बया आपणहून इंजिन बाजूला करून नुसती घरंगळायची. इंधन वाचतं म्हणे! मास्तरांनी गाडीची पुस्तिका तीनदा वाचली. तिसऱ्या वेळी, आधी कळलेलंही कळेनासं झालं. मुलीनं तर स्पष्टच सांगितलं होतं, "बाबा, आठवड्याभरात हात बसला तर शिकवा. नाहीतर ऑफिसात बसा." ऑफिसात बसणं म्हणजे मास्तरांच्या लेखी जिवंतपणी भिंतीवर फोटो लागणं.

गुरुवारी सकाळी एक नर्सबाई शिकायला आल्या. लांबलचक उतार लागला, त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर सोडला, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा झपकन खाली आला आणि गाडी बिनआवाज पळू लागली.

"मास्तर, न्यूट्रल झालं का हो? तुम्ही तर नको म्हणता ना?"

मास्तरांची मती गुंग झाली. हो म्हणावं तर गाडी चुकीची, नाही म्हणावं तर समोरचा काटा खोटा. तेवढ्यात त्यांचा डावा पाय जुन्या सवयीनं शिकवणाऱ्याच्या बाजूचा क्लच दाबायला गेला. तिथे होता फक्त ब्रेक. गाडी जागच्या जागी थांबली आणि मागचा टेम्पो किंचाळत वीतभर अंतरावर उभा राहिला. टेम्पोवाल्यानं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"माझं काही चुकलं का?" नर्सबाईंनी विचारलं.

"तुम्ही काहीच केलं नाहीत. माझा पाय होता तो."

परत आल्यावर त्यांनी मुलीपासून काही लपवलं नाही. "त्या बाईंच्या जिवावर बेतलं होतं गं. मला ही गाडी समजत नाही. तू मला शिकव, नाहीतर किल्ली ठेवून घे."

दुपारी मास्तर स्टिअरिंगवर बसले आणि मुलगी शिकवणाऱ्याच्या जागेवर. त्याच उतारावर काटा पडला.

"सोडलं बघ इंजिननं!"

"सोडू दे. ब्रेक हलकेच दाबा, पुन्हा धरेल."

त्यांनी दाबला. इंजिननं धरलं.

"उतार मोठा असला तर हा गिअरचा दांडा असा घ्या, म्हणजे सोडतच नाही."

"मग मुळात सोडतं कशाला?"

"बाबा, सांगितलं ना, सपाटीवर इंधन वाचायला!"

"आणि सपाटी कुठली नि उतार कुठला, हे तिला कोण सांगतं?"

मुलगी हसली. "तुम्ही सांगायचं. दांड्यानं. घाबरू नका, माझा विश्वास आहे तुमच्यावर."

उतार संपून सिग्नलला थांबल्यावर मास्तरांची नजर खाली गेली. मुलीचा पाय तिच्या बाजूच्या ब्रेकवर तयारीत होता. पहिल्याच दिवशी आलेल्या माणसाच्या शेजारी बसताना ते स्वतः ठेवत, अगदी तसा. मास्तरांना फार लागलं. मुलीच्या ते लक्षात आलं आणि ती ओशाळून पाय मागे घेऊ लागली.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "पाय काढू नकोस."